तात्यांनी वाढवलेली लस

हणमंततात्यांचं नाव काढलं की आमच्या भागात माणसं आधी हसतात. चेष्टेनं नाही, जवळचं कुणी आठवल्यावर हसतात तसं. मीही हसायचे. आता नाव निघालं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, उलटी यायच्या आधी सुटतं ते. आत्ता लिहितानाही सुटलंय. पण लिहिणारच. तात्यांबद्दल चांगलं सांगणारी माणसं बारामतीपासून इंदापूरपर्यंत ढिगानं सापडतील आणि ती सांगतील ते सगळं खरं असेल. तीच तर घाण आहे सगळी.

आधी कोण ते सांगते. तात्या म्हणजे आमच्या डेअरीचे जनावरांचे डॉक्टर. म्हणजे डॉक्टर नाहीत, मी जो डिप्लोमा केलाय तोच त्यांनी केलाय, फक्त माझ्या जन्माच्या आधी. पण वस्त्यावस्त्यांवर त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात आणि ते कधी कुणाला दुरुस्त करत नाहीत. पांढरा शर्ट, खिशात तंबाखूची पुडी, गळ्यात टॉवेल. मी नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी मला त्यांच्याच जोडीला दिलं. म्हणाले, तात्यांबरोबर फिरलीस की माणसं कशी सांभाळायची ते शिकशील.

पहिल्याच दिवशी मी काय बघावं? तात्यांनी गाईला इंजेक्शन द्यायला सुई उघडली आणि सुईचं टोपण तोंडात धरलं. दातात. तंबाखूच्या लाळेतच. सुई टोचून झाली, टोपण तोंडातनं काढलं, परत सुईवर बसवलं, आणि ती सुई पुढच्या गोठ्यात परत. मी म्हणाले, तात्या, अहो ते तोंडात काय घालताय. तर हसले, "अगं, माझ्या तोंडात रोगच टिकत न्हाय, तंबाखूला भिऊन पळतो." गोठ्यातली सगळी माणसं हसली. गायवाली बाई तर पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र तो लाल-तपकिरी ओघळ दिसत राहिला, टोपणाच्या कडेनं लोंबणारा.

गाभण तपासून झाल्यावर हात धुवायचे ते बादलीत नुसते बुडवून. त्याच हातानं लगेच कुणीतरी पुढं केलेली भेळ खायची. नको म्हणायचं नाही. नको म्हणणं हेच त्यांना माहीत नव्हतं, भेळेला नाही आणि माणसालाही नाही.

फोनचं तर विचारूच नका. एकदा भिगवणला आम्ही चहा पीत बसलो होतो. पळसदेवच्या एका माणसाचा फोन आला, म्हैस अडलीय म्हणून. तात्या म्हणाले, निघालोच बघा. फोन ठेवला, दुसरा चहा सांगितला. दोन मिनिटांनी शेटफळहून फोन. त्यालाही निघालोच. तिसऱ्याला तर चक्क म्हणाले, तुमच्या रस्त्यालाच लागलोय. मी विचारलं, आता जायचं कुठं? तर म्हणाले, बघू की, ज्याची लई निकड असंल तो परत करंल. मी म्हटलं मग बाकीच्यांना सांगा ना दुसरा डॉक्टर बघायला. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना कुणाच्या मुस्काटात मारायला सांगितलंय.

"फोनवर आलेल्या माणसाला न्हाय म्हणू व्हय? त्याला काय वाटंल?"

त्याला काय वाटेल. हा तात्यांचा सगळा धर्म. म्हशीला काय वाटेल हा प्रश्नच नाही.

आणि त्यांच्या घरची पंगत सांगितल्याशिवाय ते कळणारच नाहीत. त्यांच्या नातवाच्या जावळाला बोकड होता. सांगितली होती गल्लीतली माणसं, आला अर्धा तालुका, कारण तात्यांनी महिनाभर भेटेल त्याला आवतण दिलेलं. दुसऱ्या पंगतीलाच पातेल्याचा तळ दिसायला लागला. आचारी घाबरला. तात्या शांतपणे चुलीपाशी गेले, उकळत्या पाण्याची घागर उचलली आणि रश्श्यात ओतली. वरनं तिखट, मीठ, वाटलेलं खोबरं. ढवळलं. "चला, बसा रं." आमच्याकडं हे सगळेच करतात, मी पण केलंय. पाहुणा वाढला की रस्सा वाढवायचा, दारात आलेलं माणूस तसंच माघारी जाता कामा नये. शेवटच्या पंगतीला भाकरी बुडवून खाताना माणसं म्हणत होती, चव काय हाय, काय चव हाय. चव नव्हती. लाल पाणी होतं. पण मन भरलं होतं ना सगळ्यांचं. तेव्हा मला ते आवडलंही, खरं सांगते.

आता लशीचं. हे नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे आणि अवघड काही नाही त्यात.

शेळ्यांना बुळकांडीची लस असते. बुळकांडी म्हणजे ताप, नाक-डोळे गळणं, तोंड येणं, हगवण, आणि आठवड्याभरात शेळी खलास. लस येते छोट्या काचेच्या बाटलीत, गोठवून वाळवलेली. तळाशी एक पांढरी टिकली चिकटलेली असते, अर्ध्या बत्ताशाएवढी. बस्स, जे काही औषध आहे ते त्या टिकलीत. बरोबर सलाईनची शंभर मिलीची बाटली. टिकलीत थोडं सलाईन सोडलं की ती क्षणात विरघळते, मग ते उरलेल्या सलाईनमध्ये मिसळायचं. झाले शंभर डोस. एका शेळीला एक मिली. बर्फावर ठेवायचं आणि तास-दोन तासांत संपवायचं, कारण आतले अशक्त केलेले जंतू जिवंत असतात, ते मेले की लस फुकट.

अँटिबायोटिकच्या पावडरचं वेगळं. ती बाटली निम्मी भरलेली असते. तिच्यात दहा मिली पाणी घातलं तर होतं दहापेक्षा जास्त, कारण पावडर विरघळली तरी तिची जागा सोडत नाही. म्हणजे एका मिलीत आपण समजतो त्यापेक्षा औषध कमी. मोठ्या म्हशीला चालून जातं, पण काल जन्मलेल्या वासराला देताना तो हिशोब धरावा लागतो. तिथं निदान डोळ्याला दिसतं तरी, की पाण्याची रेघ वर चढली. लशीच्या टिकलीचं तसं नाही. ती एवढीशी, विरघळल्यावर शंभरचे शंभरच दिसतात. आणखी पन्नास मिली सलाईन घातलं तरी तेच, नितळ पाणी. औषध मात्र तेवढंच, दीडपट पाण्यात पसरलेलं. डोळ्याला कळत नाही, हाताला कळत नाही, शेळीला तर कळतच नाही. रस्सा पातळ झाला तर निदान जिभेला कळतो.

हे मी तात्यांना पहिल्या महिन्यातच बोलून दाखवलं होतं, तेव्हा विषय वासराचा होता. त्यांना सगळं माहीत होतं. माझ्यापेक्षा छान समजावून सांगितलं त्यांनी. वर म्हणाले, कंपनी थोडं जादाच घालती, मरायचं काय न्हाय कुणी. कंपनी जादा घालते ते उन्हात, वाटेत थोडं मरतं म्हणून. आपल्याला वाटायला घालत नाही. पण तात्यांचं गणित असं, की वर जे काही आहे ते लोकांचं.

कळंबला लसीकरणाचा कॅम्प होता. शाळेच्या पलीकडं लिंबाखाली टेबल, बर्फाचा डबा, आणि शेळ्याच शेळ्या. मोजून बाटल्या नेल्या होत्या. आधी नावं घेतली होती तेवढ्याच. दुपार कलली, शेवटच्या बाटलीत दोन-तीन शेळ्यांपुरतं उरलं होतं, आणि तेवढ्यात लांबनं सुमनकाकू येताना दिसल्या. पुढं शेळ्या, मागं काकू, घामाघूम.

सुमनकाकू कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवर राहतात. नवरा पुण्याला ट्रक चालवतो. त्या शेळ्या त्यांच्या स्वतःच्या, एका शेळीपासून वाढवलेल्या, प्रत्येकीला नाव. त्या भागात मेंढ्यांचे कळप बसायला आले होते आणि कुठं कुठं मेंढ्या मेल्याचं कानावर होतं. काकूंनी त्या दिवसापासून आपल्या शेळ्या बाहेर सोडल्याच नव्हत्या. दावणीला बांधून, डोक्यावरनं चारा वाहून आणायच्या. मान आखडली होती त्यांची, मला स्वतः दाखवली. लस झाली की मोकळं करीन म्हणाल्या, शेळ्याला पाय मोकळं लागत्यात. उशीर का झाला, तर एक शेळी वाटेत कुणाच्या मक्यात घुसली आणि त्या माणसानं सगळ्याच अडवून ठेवल्या.

मी तात्यांना म्हणाले, थांबा, मी बारामतीला फोन लावते, दुपारच्या दुधाच्या गाडीतनं बाटली येते का बघते. लिंबाखाली रेंज नव्हती, रस्त्यापर्यंत गेले. गाडी निघायचीच होती. पाठवतो म्हणाले. मी खुशीत पळत आले, तर काकू शेळ्या वळवून निघाल्याही होत्या, मागं वळून तात्यांना हात करत. टेबलावर सलाईनची दुसरी बाटली फोडलेली.

तात्यांनी लशीची बाटली उचलून मला उन्हात धरून दाखवली. तळाशी थोडं उरलं होतं. "बग. काय फरक हाय का?"

काहीच फरक नव्हता. पाण्यासारखं पाणी.

मी काय काय बोलले मला आठवतही नाही सगळं. म्हणाले की गाडीतनं लस येतेय, त्यांना बोलवा परत. तात्या म्हणाले, एवढ्या लांबनं उन्हाची आली बिचारी, घामानं भिजलीय, तिला माघारी लावू? मी म्हणाले, संध्याकाळी आपण जाऊ वस्तीवर. तर म्हणाले, व्हय, जाऊ की, मी फोन करतो तिला. निघालोच-वाला फोन. मी समजले. संध्याकाळी गाडी आली तेव्हा तात्या एकाच्या गाईला गेले होते आणि मोटरसायकल त्यांच्याकडं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, तात्यांच्या अनुभवावर शंका घेऊ नकोस, पुढच्या फेरीत कळंब आधी घेऊ. मी म्हटलं निदान काकूंना कळवा, बाहेर सोडू नका म्हणावं. काकूंचा नंबर तात्यांकडंच होता, साहेबांनी त्यांनाच सांगितलं कळवायला. बघा आता.

पुढच्या फेरीच्या आधीच बुळकांडी आली.

काकूंच्या वस्तीवर गेलो तर वासानंच कळलं. बुळकांडीचा वास ज्यानं घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको, सडक्या तोंडाचा आणि हगवणीचा एकत्र वास, कपड्यांना दोन दिवस राहतो. शेळ्यांच्या नाकावर पिवळ्या खपल्या, डोळे चिकटलेले, शेपटीखाली सगळं लडबडलेलं आणि त्यावर माश्या. एक शेळी मान टाकून पडली होती आणि तिचं पिल्लू तिला ढुशा देत होतं. लस झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी शेळ्या कॅनॉलच्या कडेला बाकीच्यांबरोबर सोडल्या होत्या. लस झाली होती ना.

आदल्या बाटल्यांतल्या, नीट लस मिळालेल्या शेळ्या त्याच कॅनॉलला चरत होत्या. त्यांना काही झालं नव्हतं.

तात्या मोटरसायकलवरनं उतरले आणि त्या शेळीपाशी चिखलातच बसले. तिचं डोकं मांडीवर घेतलं, टॉवेलानं तिचं नाक पुसलं. आणि रडायला लागले. खोटं नाही, खरं रडले, खांदे हलत होते. मी बघत उभी होते आणि मला वाटलं आता बोलतील. आता या बाईला सांगतील. एवढं रडणारा माणूस सांगेलच.

काकूंनी काय करावं? त्या तांब्यात पाणी घेऊन आल्या. त्यांच्या शेळ्या मरत होत्या आणि त्या तात्यांना पाणी देत होत्या.

"रडू नगा तात्या. तुमी तरी काय करनार? तुमी लस दिलीच हुती की."

तात्या पाणी प्याले. शेळीचं नाक पुसलेल्याच टॉवेलानं तोंड पुसलं. म्हणाले, "व्हय की गं."

एवढंच. व्हय की गं. मग चहा झाला, तो पण प्याले, आणि शेटफळला कुणाची तरी गाय आहे म्हणून गेले. सुईचं टोपण, भेळ, सगळं मला परवडलं असतं. त्या तीन शब्दांनी मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. रडणं खरं होतं म्हणूनच जास्त. खोटं रडले असते तर मी त्यांना लबाड म्हणून मोकळी झाले असते.

मी मागं थांबले, मेलेल्या शेळ्या पुरायला खड्डा घेतला होता त्यात चुना टाकायला. काकू खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी मग विचारलं, लस दिल्यावर बी असं हुतं का गं?

मी सांगितलं. टिकली किती असते, पाणी किती असतं, शेवटच्या बाटलीत किती उरलं होतं, गाडीतनं दुसरी येत होती. सगळं. माझा आवाज चढला असेल, हात चुन्यानं भरलेले, काय बोलले तसंच लिहिता येणार नाही. त्यांनी शिवी दिली नाही. मी गप्प झाल्यावर एवढंच म्हणाल्या:

"मग मला माघारी लावायचं की. मी काय रुसले असते? रोज डोक्यावरनं चारा आणत हुतेच, अजून चार दिस आणला असता."

माघारी लावायचं की. तात्यांना आयुष्यभर ज्याची भीती वाटली ते हे होतं, की माणसाला काय वाटेल. आणि त्या माणसाला काहीच वाटणार नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं तिला.

दोन पिल्लं तेवढी वाचली. त्यातलं एक आंधळं झालं.

मी परत ऑफिसात गेले, या वेळी लिहून दिलं. तात्यांना चार शब्द सुनावले म्हणे. कसले शब्द ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पेरूंची पिशवी होती आणि तात्या दारात उभे. म्हणाले, पोरी, राग धरू नगं, आपल्या झाडाचं हायेत, गोड हायेत. काकूंबद्दल एक अक्षर नाही. पेरू तिथंच राहिले, चिलटं धरेपर्यंत. शेवटी शिपायानं उचलून टाकले आणि नाक दाबून मला शिव्या घातल्या. तात्यांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून परत माझ्याशी तसंच बोलायला सुरुवात केली, जसं काही पिशवी दिली की संपलं.

त्यांच्याबरोबरचा माझा शेवटचा कॅम्प डाळजला झाला. नंतर मी बदली मागून घेतली, आता दूध तपासणीला असते, बारामतीतच.

डाळजला हायवेच्या खालच्या अंगाला मंदिराच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. तात्यांभोवती नेहमीसारखी गर्दी, हसणं, तंबाखू. बाटली संपली. मी झाकण लावून डबा बंद केला आणि तेवढ्यात एक म्हातारा बाबा दोन शेळ्या घेऊन आला. अंगात बनियन, पायात चप्पल नाही. शेळ्या धापा टाकत होत्या. म्हणाला, डॉक्टर, उसाच्या खेपेला अडकलो, आमची तेवढी बगा.

तात्यांनी बाबाकडं बघितलं, मग रिकाम्या बाटलीकडं. बाटलीच्या कडेला चार थेंब होते. आणि मग सलाईनच्या बाटलीकडं त्यांचा हात गेला. मी ती बाटली उचलली, टोपण काढलं आणि ओट्याच्या खाली मातीत उपडी केली. सगळी. भळभळ आवाज झाला.

मी बाबाला म्हणणारच होते की बाबा, लस संपली, बुधवारी या, तोवर शेळ्या बांधून ठेवा. तेवढंच तर म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं असतं.

तात्या माझ्या आधी बोलले. उठून बाबाच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडं मान केली आणि म्हणाले, "मी दिली असती ओ बाबा. ही पोरगी न्हाय म्हनती."

बाबानं माझ्याकडं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. बुधवारचं मी सांगितलं, दोनदा सांगितलं, शेळ्या मोकळ्या सोडू नका हेही सांगितलं, पण माझं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. तात्या बाबाला रस्त्यापर्यंत सोडायला निघाले होते. एका हातात एका शेळीची दोरी, दुसरा हात बाबाच्या पाठीवर. कोपऱ्यावर त्यांनी पुडी काढली, बाबाच्या तळव्यावर तंबाखू ठेवला, काहीतरी बोलले. बाबा हसला. मग हायवेच्या गाड्या थांबवायला तात्यांनी स्वतः हात केला, बाबाला हाताला धरून शेळ्यांसकट पलीकडं नेलं, आणि तिकडनं पिंक टाकून परत येताना सगळ्यांकडं बघून हसत होते.